हमीदच्या दाराचा रंग

नाशकात परतल्यापासून जो तो विचारतो, "सौदीत काय काय पाहिलंत?" कुणाला वाळवंट ऐकायचं असतं, कुणाला उंट, कुणाला सोन्याचे भाव. मी खरं काय ते सांगते. मी एक दार पाहिलं. त्यासाठी चारशे किलोमीटर गेले आणि तेवढंच अंतर परत आले. सोबत जावई, एक अमेरिकन गृहस्थ, एक बिडाचं पातेलं आणि बर्फात घातलेली दोन किलो कोळंबी होती. एवढं ऐकलं की लोक विषय बदलतात. म्हणून म्हटलं, सरळ लिहूनच काढावं.

धाहरान

माझी लेक मीनल आणि जावई शिरीष धाहरानला असतात. शिरीष तिथल्या मोठ्या तेल कंपनीत इंजिनिअर आहे. राहतात त्या जागेला सगळे 'कॅम्प' म्हणतात, म्हणून मी येताना तंबू डोळ्यांपुढे आणले होते. निघाली बैठ्या बंगल्यांची रांग. दारापुढे हिरवळ, कोपऱ्यावर ठरल्या मिनिटाला येणारी बस, बसवर केरळचा ड्रायव्हर. फाटकाच्या आत अमेरिका आणि बाहेर सौदी. मी नऊवारी नेसत नाही, पण पाचवारी नेसून त्या हिरवळीवर फिरायला निघाले की सायकलवरच्या गोऱ्या बायका "लव्हली" म्हणून जायच्या. मी आपली "थँक्यू" म्हणायची. इंग्रजी तिथंच संपायचं.

सामान उघडलं तेव्हा पहिला तमाशा सोड्यांवरून, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीवरून झाला. माझं माहेर अलिबागजवळचं. लेकीकडे जायचं आणि सोडे न्यायचे नाहीत, हे मला जमत नाही. सात पिशव्यांत गुंडाळून, वर शिरीषचा स्वेटर बांधून नेले होते. विमानतळावर कुणी विचारलं नाही, पण शिरीषनं स्वेटर नाकाला लावला आणि तीन दिवस माझ्याशी जरा जपूनच बोलला. अर्थात सोड्यांची भाजी दोनदा घेतली. जावई म्हणजे जावई.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात एक उंचापुरा, लालबुंद म्हातारा उभा. हातात शाळेची वही. शिरीष म्हणाला, "आई, हे कर्टिस. आमचे सीनियर. तीस वर्षं इथं काढली, पुढच्या गुरुवारी कायमचे अमेरिकेला चाललेत."

कर्टिसनं टोपी काढली. "टीचर मॅम," तो म्हणाला, "ही तुमची भाषा आहे ना?"

या माणसाला प्रत्येक बाईला मॅम म्हणायची सवय आहे. मी शाळेत शिकवायची हे शिरीषनं सांगितलेलं असणार. दहावीच्या वर्गात असल्यासारखं वाटलं मला. वही उघडली. शंभर पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे. पहिल्या पानावर निळ्या शाईत, जिल्हा परिषदेच्या शाळेत गिरवलेल्या झकास अक्षरात लिहिलं होतं: 'गम्बो. कर्टिस साहेबांच्या आईचे.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

मग त्यानं सांगितलं आणि शिरीषनं मराठी केलं. कर्टिस लुईझियानाचा. म्हणजे अमेरिकेच्या खालच्या अंगाला, जिकडे दलदल आहे आणि मगरी आहेत. तिथल्या केजन लोकांत गम्बो म्हणून एक कालवण करतात. कोंबडी, कोळंबी, भेंडी, वरून भात. ते कुणी कागदावर लिहीत नाही. आजी चुलीपाशी उभी असते, शेजारी नात उभी राहते, आणि असं ते पुढे जातं. कर्टिसच्या आईच्या शेजारी मात्र उभं राहायला कुणी नव्हतं. एकुलता एक मुलगा, तोही तेल काढायला सौदीला आलेला. मग म्हातारी दर हिवाळ्यात त्याच्याकडे येऊन राहायची. घरात स्वयंपाकाला युसूफ होता, दापोलीकडचा. पाच हिवाळे तो म्हातारीच्या शेजारी उभा राहिला. तिला मराठी येत नव्हतं, त्याला इंग्रजी बेताचं, पण बघत गेला आणि लिहीत गेला.

"म्हणजे यांच्या आजी-पणजीची पाककृती," मी शिरीषला म्हटलं, "दापोलीच्या माणसाकडे गेली?"

"आणि मराठीत," शिरीष म्हणाला.

युसूफ नोकरी सोडून गावी जाताना वही साहेबाच्या हातात देऊन गेला. साहेबानं ती आठवण म्हणून कपाटात टाकली. आई धडधाकट होती, तेव्हा वहीचं काय काम? पुढं युसूफ गावीच वारला. आता आई नव्वदीच्या पुढं, म्हाताऱ्यांच्या आश्रमात. वर्षभर मुलाला ओळखत नाही. समोर काहीही ठेवलं तरी ताटली ढकलते आणि म्हणते, हे आपल्या घरचं नाही. गेल्या सुट्टीत कर्टिसनं अकरा वेळा गम्बो करून नेलं. अकरा वेळा ताटली ढकलली.

"मला एकदा तिनं ओळखलेलं हवंय," कर्टिस म्हणाला. "मला नाही ओळखलं तरी चालेल. निदान गम्बो."

मी म्हटलं, "बसा. चहा घ्या. वही ठेवून जा."

माझं सारांशलेखन

इथं माझा गुन्हा आला आणि तो मी कबूल करते. मी तेहेतीस वर्षं दहावीला मराठी शिकवलं. सारांशलेखन हा माझा हातखंडा. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश, उदाहरणं गाळा, पाल्हाळ गाळा, अवांतर गाळा. युसूफची पाककृती अकरा पानं होती आणि पाल्हाळ म्हणजे किती पाल्हाळ! कोण आलं, कोण गेलं, म्हातारी कशी उभी राहते. मी लाल पेन घेतलं. माझ्या वर्गात असता तर युसूफला दहापैकी चार दिले असते. रात्रीच्या जेवणाआधी अकरा पानांची साडेतीन केली आणि मनात म्हटलं, वा, सुलभाबाई.

एक वाक्य मात्र राहिलं: 'तेलात मैदा ढवळत राहणे. हमीदच्या दाराचा रंग आला की थांबणे.'

तेही मी कापणारच होते. पण मोबाइलवरून तेवढं एकच वाक्य कर्टिसनं आधी कसंबसं भाषांतर करून घेतलं होतं आणि रात्री वही न्यायला आला तेव्हा तो त्यावर अडून बसला. गम्बोचा सगळा जीव म्हणे त्या तेल-मैद्याच्या रंगात. फिकं राहिलं तर खळ, जास्त गेलं तर जळकं. त्याची आई म्हणायची जुन्या पेनीसारखा, म्हणजे त्यांच्याकडच्या तांब्याच्या नाण्यासारखा रंग. पण पेनी किती जुनी? अकरा वेळा तो तिथंच चुकला होता.

"युसूफ आधी रियाधला होता," कर्टिस म्हणाला. "बत्हात. तिथं त्याचा हमीद म्हणून दोस्त आहे. खानावळ आहे त्याची."

"फोन करा की," मी म्हटलं.

"मॅम, फोनवर रंग कसा सांगणार?"

आता यावर कुणाचं काय चालतं? फोटो मागवता आला असता, पण हमीदचा नंबरच कुणाकडे नव्हता. शनिवारी सुट्टी. शिरीष साहेबाला नाही म्हणू शकत नाही आणि मी कशालाच नाही म्हणत नाही, असं मीनलचं म्हणणं आहे. आम्ही निघालो. कर्टिसनं आईचं बिडाचं पातेलं घेतलं, कतीफच्या बाजारातली कोळंबी घेतली, भेंडी, कोंबडी, गाईच्या मांसाचं सॉसेज. तिकडे त्याच्या गावात ते डुकराचं असतं, इथं ते मिळणार नाही, म्हणून युसूफनं बदललं आणि म्हातारीनं पसंत केलं. वहीत स्वच्छ लिहिलंय, 'बाईंना चालले.'

गाडीत मी वहीतली यादी वाचत होते. एका ठिकाणी थबकले. 'सुके सोडे मूठभर.'

"हा युसूफचा चावटपणा," मी म्हटलं. "अमेरिकेत कुठले सोडे?"

शिरीषनं ते इंग्रजीत सांगितलं तसा कर्टिस मागं वळला. "आई घरून पिशवी भरून आणायची. सुकी कोळंबी. दलदलीतल्या लोकांचं तेच तर आहे."

मी पर्समधून छोटी पुडी काढली. होय, पर्समध्ये होती, लांबच्या प्रवासाला निघालं की सोबत असलेली बरी. त्यानं वास घेतला आणि डोळे मिटून बसला. शिरीषनं काच खाली केली. बाहेर नुसती वाळू, तारेचं कुंपण आणि उंट आडवे येतात अशी पाटी. उंट एकही आला नाही.

बत्हा, रियाध

बत्हा म्हणजे रियाधमधली आपल्या लोकांची वस्ती. गल्लीत शिरले आणि मला नाशिकच्या मेन रोडची आठवण आली. पैसे पाठवायची दुकानं, मोबाइलची कव्हरं, बंगाली पाट्या, "चलो दम्माम, दम्माम" ओरडणारे टॅक्सीवाले. धाहरानला तीन दिवस घसा दाबून बोलत होते, इथं मोकळा सोडला. चौथ्या दुकानात विचारलं तेव्हा हमीदची खानावळ सापडली. चार बाकं, एक पंखा, आत भटारखाना. आणि भटारखान्याला दार.

दार निळं होतं. आकाशी निळं.

कर्टिस त्या दारासमोर उभा राहिला. त्यानं वही उघडली, दाराकडं पाहिलं, पुन्हा वहीकडं पाहिलं. शिरीषनं मोबाइल काढून फोटो घेतला. मी चष्मा लावून बिजागरी निरखली. गल्ल्यावरचा पांढऱ्या दाढीचा माणूस हळूहळू उठून उभा राहिला. हाच हमीद. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"साहब, सब ठीक है," तो हिंदीत म्हणाला. "फ्रिज साफ है. सब का कार्ड है."

"दरवाजे का रंग..." शिरीषनं सुरुवात केली.

"बदलेंगे! कल बदलेंगे! कौनसा चाहिए?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला आम्ही बलदियाचे वाटलो होतो, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे तपासनीस. वहीवाला गोरा साहेब, फोटो घेणारा मदतनीस, आणि साडीतली कुणीतरी फार मोठी अधिकारी. आतल्या एका माणसानं घाईघाईनं डोक्यावर जाळीची टोपी चढवली. दुसऱ्यानं कांद्याचं पोतं उचललं आणि ते घेऊन मागच्या दारानं चक्क निघून गेला. तो आम्ही असेपर्यंत परत आला नाही.

"अहो भाऊ," मी मराठीत म्हटलं, "आम्ही युसूफच्या गम्बोसाठी आलोय. दापोलीच्या युसूफच्या."

हमीद खाली बसला. "या अल्ला. बाय, आधी सांगायचं ना! माजा जीव गेला हुता."

हमीद म्हसळ्याकडचा. चाळीस वर्षं बत्हात. युसूफचं नाव निघालं आणि त्यानं आमच्यापुढं चहा, केळी, भजी आणि कोणी न मागितलेली बिर्याणी ठेवली. युसूफ कॅम्पात जायच्या आधी दोन वर्षं याच दाराआड काम करत होता.

"आणि दार?" कर्टिसनं विचारलं.

"दार त्येच हाय. रंग पाच येळा दिला." हमीदनं अभिमानानं बोटं दाखवली. "बलदियावाले येतात, म्हणतात ह्यो नको, त्यो दे. मी देतो."

"म्हणजे खाली जुना असेल," मी म्हटलं.

त्यानं दारावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बाय, परवाच दिलाय ओ निळा."

मी त्याला आश्रमातल्या म्हातारीचं सांगितलं. अकरा वेळा ढकललेली ताटली सांगितली. हमीद उठला, आत गेला आणि उलथनं घेऊन आला. "खरवडा," तो म्हणाला. "युसूफचं काम हाय."

मग जे झालं ते नाशकात कुणी मानत नाही. जेवायला आलेली माणसं ताटं सोडून दाराभोवती जमली. कर्टिस उलथन्यानं खरवडत होता. निळा गेला, हिरवा आला. हिरव्याखाली पिवळट. एक पाकिस्तानी टॅक्सीवाला प्रत्येक रंगाला "माशाल्लाह" म्हणत होता. पिवळटाखाली तपकिरी निघाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कोपऱ्यात आणखी एक पापुद्रा सुटला. त्याच्याखाली दुसरा तपकिरी, जास्त गडद.

झालं! दोन पक्ष पडले. केरळचा एक जण म्हणाला वरचा. टॅक्सीवाला म्हणाला खालचा. शिरीष इंजिनिअर आहे, तो म्हणाला सरासरी काढू. मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

"करून बगा ना," हमीद म्हणाला. "चूल हाय, पातेला हाय. वाद कशाला घालताव?"

कर्टिस चुलीपाशी उभा राहिला. बिडाच्या पातेल्यात तेल, तेलात मैदा. हमीद शेजारी दाराचे दोन टवके तळहातावर घेऊन उभा. ढवळणं चाललं. पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा बदामी. बाहेर ऑर्डरी साचल्या, पण आत कुणाला पर्वा नव्हती. पहिल्या टवक्याचा रंग आला तेव्हा कर्टिसनं नाक खाली नेलं आणि मान हलवली. नाही. ढवळत राहिला. त्याचा सदरा घामानं चिकटला. अर्ध्या-पाऊण तासानं खालच्या टवक्याचा रंग आला, आणि भाजल्या दाण्यांपलीकडचा, जळण्याच्या एक पाऊल अलीकडचा असा वास खानावळभर सुटला. कर्टिसचा हात थांबला.

"हा," तो म्हणाला. "हा आमच्या स्वयंपाकघराचा वास." आणि रडायला लागला. हमीदनं त्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि ढवळत राहिला, नाहीतर जळलं असतं.

मग कांदा, ढोबळी मिरची, सेलरी, कोंबडी, सॉसेज, भेंडी, माझे सोडे, शेवटी कोळंबी. भातावर वाढलं. सगळ्यांनी एकदम घास घेतला आणि सगळे एकदम थांबले.

"बाय," हमीद हळूच म्हणाला, "मीठ?"

मी माझी साडेतीन पानं चाळली. मीठ नव्हतं. कुठंच नव्हतं. मूळ वही उघडली. नवव्या पानावर माझ्या लाल पेनानं कापलेल्या ओळी होत्या, आणि समासात मीच लिहिलं होतं: 'अवांतर.'

तेहेतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर हा शब्द लिहिला. त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मी उभी राहिले आणि गाळलेलं सगळं मोठ्यानं वाचलं. शिरीष एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला.

'बाई ढवळताना गातात. तेव्हा बोलायचे नाही.

'साहेबांचा ऑफिसातून पहिला फोन आला की कांदा टाकणे. दुसरा फोन आला की कोंबडी. साहेब रोज दोनदा फोन करून आईला विचारतात, जेवायला काय आहे. बाई म्हणतात, काही नाही. आणि हसतात.

'मीठ टाकायचे नाही. मीठ बाई ताटावर बसल्यावर स्वतः टाकतात. मला हात लावू देत नाहीत. आणि रोज मलाच बोलतात, युसूफ, आजही मीठ कमी.'

"मी फोन करायचो," कर्टिस म्हणाला. "खरंच. दोनदा. मला वाटायचं मी तिची चौकशी करतोय." मग त्यानं वाटी पुढं ओढली. "अकराही वेळा मी मीठ टाकून नेलं. अगदी बरोबर टाकून."

"माफ करा," मी म्हटलं. "चूक माझी. मी कापलं."

"मॅम," तो म्हणाला, "तुम्ही कापलं नसतं तर मी ते वाचून पुढं गेलो असतो."

आम्ही मीठ घालून सगळं संपवलं. चव सांगायची तर भेंडी, सोडे आणि धूर. माझ्या माहेरच्या शेजारी कुणी लुईझियाना वसवलंय असं वाटलं. निघताना हमीदनं गडद टवका कागदात बांधून दिला. कर्टिसनं तो पासपोर्टात ठेवला. मी माझ्या सोड्यांची उरलेली पुडीही त्याला दिली आणि मीनलनं नंतर त्याबद्दल मला बरंच ऐकवलं.

नाशिक

मी परत येऊन तीन आठवडे झाले होते. शिरीषनं कर्टिसचा निरोप मराठी करून पाठवला. खाली जसाच्या तसा देते आहे. अक्षरही गाळलेलं नाही.

'टीचर मॅम, दाराचा रंग आला. मीठ टाकलं नाही. आईसमोर वाटी ठेवली. तिनं ढकलली नाही. एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि हात पुढं केला. मी मिठाची बाटली दिली. तिनं स्वतः तीन वेळा हलवली. आणखी एक घास घेतला. मग वर बघून म्हणाली, युसूफ, आजही मीठ कमी. मी काय करणार, मॅम? मी म्हटलं, सॉरी मॅडम. ती म्हणाली, कर्टिसचा दुसरा फोन आला का? मी बाहेर गेलो, आश्रमाच्या नंबरावर फोन लावला आणि तिला बोलवायला सांगितलं. विचारलं, आई, जेवायला काय आहे? ती म्हणाली, काही नाही. आणि हसली.'